मुद्दाम सोडलेला पूर

पूर म्हटला की आपल्याला नुकसानच आठवते. पुण्यातल्या वयस्कर मंडळींना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो, मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा दिवस, तर सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना २०१९ चा ऑगस्ट महिना. ज्यांच्या घरात गळ्याएवढे पाणी शिरले त्यांना पुराचे कौतुक ऐकवणे हा क्रूरपणाच ठरेल, आणि तसा आमचा हेतूही नाही. परंतु नदीत माणसांखेरीज इतरही रहिवासी असतात. मासे, किडे, गोगलगायी, शेवाळ आणि काठावरचे गवत यांच्या दृष्टीने पूर म्हणजे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विसाव्या शतकात एका देशाला तो विचारावा लागला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या देशाने चक्क एक पूर मुद्दाम सोडला. ही त्याचीच हकिकत.

२६ मार्च १९९६ रोजी अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी अॅरिझोना राज्यातल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या मोठ्या नळांपैकी एकाची झडप उघडली. मग बाकीचे नळही उघडले गेले आणि कोलोराडो नदीत ४५,००० क्युसेक पाणी धावू लागले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हे आपल्याला पावसाळ्यातल्या बातम्यांवरून ठाऊक असतेच. हा विसर्ग सात दिवस चालू होता. त्या वेळी धरण धोक्यात नव्हते, पाऊसही कोसळत नव्हता. विजेपोटी मिळणाऱ्या लाखो डॉलरांच्या उत्पन्नावर पाणी सोडून हे पाणी सोडले जात होते. कशासाठी? तर खालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये वाळूचे दांडे पुन्हा तयार व्हावेत आणि त्यांच्या आडोशाला माशांच्या पिलांना जागा मिळावी, यासाठी.

लाल नदी

कोलोराडो नदी रॉकी पर्वतात उगम पावते आणि सुमारे २,३०० किलोमीटरचा प्रवास करून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. 'कोलोराडो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबूस रंगाचा. वाळवंटी प्रदेशातली लाल माती आणि वाळू वाहून आणणाऱ्या या नदीला ते नाव अगदी शोभत असे. धरणापूर्वी दरवर्षी सुमारे पावणेसहा कोटी टन गाळ आणि वाळू लीज फेरी या ठिकाणावरून वाहत जाई. लीज फेरी म्हणजे ग्रँड कॅन्यनचे वरचे दार. नदी तिथून पुढे खोल दरीत शिरते.

१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या भूवैज्ञानिकाने चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन या दरीतून प्रवास केला. त्याचा उजवा हात यादवी युद्धात निकामी होऊन कापावा लागला होता. सुमारे तीन महिन्यांनी तो बाहेर पडला तेव्हा दोन होड्या आणि पाच साथीदार उरले होते. ही नदी किती बेभरवशाची आहे, हे त्या मोहिमेने जगाला सांगितले.

बेभरवशाची म्हणजे काय, हे आकड्यांत पाहू. लीज फेरी येथे १९२१ पासून नदीचा विसर्ग नियमित मोजला जातो. पर्वतावरचे बर्फ मे-जूनमध्ये वितळले की पूर येई. दर दोन वर्षांतून एकदा तरी गाठला जाणारा पूर सुमारे ८५,००० क्युसेकांचा असे. जून १९२१ मध्ये १,७०,००० क्युसेकांचा पूर नोंदला गेला. हिवाळ्यात मात्र तीच नदी काही हजार क्युसेकांवर येई. पाण्याचे तापमान हिवाळ्यात गोठणबिंदूजवळ, तर उन्हाळ्यात तीस अंश सेल्सियसच्या आसपास असे.

त्याआधीचा १८८४ चा पूर याहूनही मोठा होता, पण तेव्हा मोजणी होत नव्हती. मग तो किती मोठा होता हे कसे कळले? लीज फेरीला राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसांनी एक आठवण जपली होती. त्या पुरात एक मांजर सफरचंदाच्या झाडावर अडकून पडले होते, आणि पाणी झाडाच्या कोणत्या फांदीपर्यंत आले होते हे त्यांना ठाऊक होते. त्या खुणेवरून पुराची उंची आणि उंचीवरून विसर्ग काढण्यात आला. पुढे शास्त्रज्ञांनी या पुराव्याची फेरतपासणी करून सुमारे २,१०,००० क्युसेक हा अंदाज मांडला. आपल्याकडेही देवळाच्या पायऱ्यांवर आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींवर पुराच्या खुणा असतात. त्यांच्याकडे यापुढे जरा आदराने पाहावे.

पूर काय करतो?

पूर नदीत नेमके काय घडवतो? एखाद्या साध्या ओढ्याचे उदाहरण घेऊ. ओढ्यात कुठे खळाळ असतो, कुठे डोह. खळाळात गोटे असतात आणि गोट्यांच्या मधल्या फटींतून पाणी खेळते. त्या पाण्यातून प्राणवायू मिळतो म्हणून तिथे मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांसारख्या कीटकांच्या अळ्या-पिल्ले राहतात, आणि काही मासे तिथेच अंडी घालतात. पाणी बराच काळ संथ राहिले तर या फटींत बारीक गाळ बसतो. गोट्यांवर शेवाळाचे थर चढतात. काठावरची झुडपे हळूहळू पात्रात सरकतात. पूर येतो तेव्हा गोटे हलतात, एकमेकांवर घासतात, फटींतला गाळ निघून जातो, शेवाळ खरवडले जाते, जुने डोह भरतात आणि नवे खणले जातात. शेतकरी नांगरट करतो, तसाच हा प्रकार आहे.

या नांगरटीत जीव मरत नाहीत का? मरतात, आणि मोठ्या संख्येने मरतात. अॅरिझोनातल्याच सिकॅमोर क्रीक या वाळवंटी ओढ्याचा अभ्यास १९८० च्या सुमारास झाला. अचानक आलेल्या पुराने तिथले बहुतेक सगळे किडे नाहीसे होतात. पण अवघ्या काही आठवड्यांत शेवाळ आणि किडे पुन्हा भरून येतात, असे या अभ्यासात दिसले. अनेक कीटकांचे आयुष्य थोडक्या दिवसांचे असते, पंख फुटलेले प्रौढ त्या वेळी हवेत असतात, आणि पूर ओसरताच ते पुन्हा अंडी घालतात.

काही जीवांनी तर पुराचा अंदाजच शिकून घेतला आहे. या भागातल्या ओढ्यांत एक मोठा पाणकिडा असतो. त्याची मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि नर ती सांभाळतो. हा किडा उडू शकत नाही. मग लोंढा आल्यावर त्याने काय करावे? जोराचा पाऊस काही वेळ सलग पडला की तो पाण्याबाहेर येऊन काठावर चढतो. लोंढा त्यानंतर येतो. डेव्हिड लिटल या शास्त्रज्ञाने हे वर्तन तपशिलाने अभ्यासले. अशी सवय उत्क्रांतीत रुजायला एक अट आहे. पूर पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रकारे, एकाच प्रकारची सूचना देऊन यावा लागतो. त्या सूचनेचा आणि पुराचा संबंध तुटला तर ही सवय कुचकामी ठरेल.

पूर थांबला

१३ मार्च १९६३ रोजी ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. धरणाची उंची २१६ मीटर. मागे तुंबलेल्या जलाशयाला त्या जुन्या संशोधकाचे, पॉवेलचे, नाव देण्यात आले. तो जलाशय पूर्ण भरायला सतरा वर्षे लागली.

खालच्या नदीत तीन बदल झाले. पहिला गाळाचा. सगळा गाळ जलाशयात बसू लागला आणि धरणातून काचेसारखे स्वच्छ पाणी बाहेर पडू लागले. लाल नदी हिरवी झाली. ग्रँड कॅन्यनला आता पारिया आणि लिटल कोलोराडो या दोन उपनद्यांचीच काय ती वाळू मिळते. पूर्वीच्या पुरवठ्याच्या मानाने ती पारियाच्या खाली सुमारे सहा टक्के आणि लिटल कोलोराडोच्या खाली सुमारे सोळा टक्के भरते. भुकेले पाणी मात्र असलेली वाळूही उचलून नेत राहिले आणि काठावरचे दांडे झिजू लागले.

दुसरा बदल तापमानाचा. विजेसाठी पाणी जलाशयाच्या खोल थरातून घेतले जाते. तिथे ऊन पोहोचत नाही. त्यामुळे बारा महिने आठ ते दहा अंशांचे गार पाणी वाहू लागले.

तिसरा बदल भरती-ओहोटीचा. दुपारी आणि संध्याकाळी विजेला मागणी अधिक, म्हणून पाणी अधिक. रात्री मागणी कमी, म्हणून पाणी कमी. दरवर्षी एकदा येणारा मोठा पूर गेला आणि त्याच्या जागी रोज एक छोटा पूर येऊ लागला. काही ठिकाणी दिवसभरात पाणी तीन-चार मीटर चढे आणि उतरे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नदीला अशी भरती आली, तर तिथल्या जीवांनी कोणत्या अनुभवावर विसंबावे?

कुबडवाला मासा

ग्रँड कॅन्यनमध्ये मूळचे फक्त आठ जातींचे मासे. संख्या कमी, पण त्यांतले बरेचसे जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे. त्यांतला कोलोराडो पाइकमिनो हा मासा पूर्वी माणसाएवढा लांब वाढे. हंपबॅक चब या माशाच्या डोक्यामागे कुबड असते, डोळे बारीक, शेपटीचा देठ अगदी चिंचोळा आणि पंख मोठे. गढूळ आणि वेगवान पाण्यात राहण्यासाठी घडलेले हे शरीर आहे. गंमत अशी की विज्ञानाला या माशाची ओळखच उशिरा, १९४६ साली पटली, आणि १९६७ साली तो धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेलासुद्धा. ओळख होऊन एकवीस वर्षेच झाली होती.

त्या काळी या माशांविषयी सरकारी दृष्टी काय होती, याचे एक उदाहरण पुरे. १९६२ च्या सप्टेंबरात, याच खोऱ्यातल्या ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण पूर्ण होत असताना, नदी आणि तिच्या उपनद्या मिळून सुमारे ७०० किलोमीटर लांबीच्या प्रवाहात रोटेनोन हे माशांना मारणारे विष टाकण्यात आले. मूळचे मासे 'कचरा' समजले जात. ते साफ करून गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी जलाशयात ट्राउट मासे सोडायचे, अशी योजना होती. हे काम चोरून झाले नाही. मत्स्य खात्याच्या जाणकार मंडळींनी उघडपणे, योग्य वाटले म्हणून ते केले. पण त्यावर उठलेल्या टीकेनेच मूळच्या माशांच्या रक्षणाचा विचार पुढे आला.

ग्लेन कॅन्यनच्या खाली विषाची गरज पडली नाही. चबला अंडी घालायला साधारण सोळा अंशांहून उबदार पाणी लागते. मुख्य नदी गार झाल्यावर त्याच्या प्रजननाला लिटल कोलोराडो ही उबदार उपनदीच काय ती उरली. तिथून पिले मुख्य नदीत आली की गार पाण्यात त्यांची वाढ खुंटे. पूर्वी वाळूच्या दांड्यांमागे साचणारे उथळ, उन्हाने तापलेले पाणी ही त्यांची पाळणाघरे असत. आता दांडेच झिजले होते. शिवाय १९६४ पासून लीज फेरीला रेनबो ट्राउट सोडले जात होते. गार आणि स्वच्छ पाणी ट्राउटला मानवले. ते चबच्या पिलांना खातात आणि त्यांच्या वाट्याचे किडेही खातात. पाइकमिनो, बोनीटेल आणि राउंडटेल चब या तीन जाती ग्रँड कॅन्यनमधून नाहीशा झाल्या.

निसर्गाने दिलेला धडा

१९८३ साली वरच्या पर्वतात उशिरा आणि भरपूर बर्फ पडले. मग ते एकदम वितळले. जलाशय आधीच काठोकाठ भरलेला होता. सांडव्याच्या बोगद्यांतून पाणी सोडताच त्यांच्या काँक्रीटची मोडतोड सुरू झाली. पाणी सांडव्याच्या दरवाजांवरून जाऊ नये म्हणून वर प्लायवूडच्या फळ्या लावाव्या लागल्या. धरण वाचले, पण ९० हजार क्युसेकांहून अधिक पाणी खाली गेले. वीस वर्षांनी नदीला पूर आला.

पूर ओसरल्यावर दरीत गेलेल्या लोकांना अनेक ठिकाणी नवे, उंच वाळूचे दांडे दिसले. आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, धरणाच्या परिणामांचा सरकारी अभ्यास सुरू झाला होता. त्यातल्या शास्त्रज्ञांपुढे आता एक विचार उभा राहिला. पुराने वाळू फक्त वाहून जाते असे नाही. नदीच्या तळाशी पडलेली वाळू उसळून वर येते, काठाजवळच्या भोवऱ्यांत शिरते, आणि तिथे वेग मंदावल्यावर खाली बसते. मग धरणातूनच असा पूर सोडला तर?

१९९२ साली ग्रँड कॅन्यनच्या रक्षणाचा कायदा झाला. चार वर्षांनी तो पहिला प्रयोग झाला. ४५,००० हाच आकडा का, याचे कारण साधे आहे. वीजघरातून आणि मोठ्या नळांतून मिळून तेवढेच पाणी सोडता येते. जुन्या वार्षिक पुराच्या तुलनेत हा पूर निम्मा होता.

चुकलेले गृहीतक

सात दिवसांनी पाणी उतरले आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. नवे दांडे दिसत होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. पण काही महिन्यांतच त्यातली बरीच वाळू वाहून गेली. पुढे मोजमापांची नीट छाननी झाली तेव्हा खरी गोष्ट कळली. पारिया आणि लिटल कोलोराडो यांनी आणलेली वाळू नदीच्या तळाशी वर्षानुवर्षे साठत राहते, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निघून जाते. मार्च १९९६ मध्ये तळाशी फारशी शिल्लक नव्हतीच. पुराने जी वाळू वर चढवली ती मुख्यतः वरच्या भागातल्या जुन्या दांड्यांच्याच पायथ्याची होती. म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले, आणि थोडे वाटेत सांडले.

आम्हाला या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोग फसला असे म्हणणे सोपे आहे. परंतु प्रयोग झाला नसता तर गृहीतक चुकीचे आहे हे कळलेच नसते. पुढचा पूर त्यामुळे वेगळ्या तऱ्हेने आखला गेला. २००४ साली शरद ऋतूत पारियाला पूर येऊन भरपूर वाळू आली, आणि लगेच नोव्हेंबरात साठ तासांचा पूर सोडण्यात आला. या वेळी वरच्या भागात, जिथे वाळू ताजी होती तिथे, दांडे अधिक चांगले बनले. २००८ च्या मार्चमध्ये तिसरा पूर झाला. २०१२ मध्ये नियमच ठरला की उपनद्यांनी पुरेशी वाळू आणली असेल तरच पूर सोडायचा. त्यानुसार २०१२, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ च्या नोव्हेंबरात पूर सोडले गेले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये आणखी एक.

पण वाळू म्हणजे मासे नव्हेत. २००८ च्या मार्चमधल्या पुराने लीज फेरीजवळचे गोटे धुऊन स्वच्छ केले. अन्न म्हणून चालणारे किडेही वाढले. याचा फायदा कोणाला झाला? त्यानंतर अंड्यांतून निघालेल्या ट्राउटच्या पिलांना! त्यांच्यातली नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पिले जगली. ज्यांच्यासाठी पूर सोडला त्या चबच्या शत्रूंचीच भरभराट झाली. त्याआधी २००३ ते २००६ या काळात लिटल कोलोराडोच्या संगमाजवळून ट्राउट पकडून काढून टाकण्याचाही उपाय झाला होता. झुनी या मूळ रहिवासी समाजाने त्याला हरकत घेतली. त्यांच्या दृष्टीने ती जागा पवित्र आहे, आणि तिथे अशी कत्तल करणे त्यांना मान्य नव्हते. एका माशाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारावे का, हा प्रश्न केवळ आकड्यांनी सुटणारा नव्हता.

रविवारची सुट्टी

मोठे पूर चालू झाले तरी रोजची भरती-ओहोटी होतीच, जरी १९९१ पासून तिच्यावर बंधने आली होती. शास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. या नदीत मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय जवळजवळ नाहीतच. चिलटांच्या आणि काळ्या माश्यांच्या मोजक्या जातींवर सगळ्या माशांचे पोट भरते. असे का?

उत्तर शोधायला चारशे किलोमीटर लांबीच्या दुर्गम दरीतून रोज नमुने हवे होते. ते शास्त्रज्ञांना जमणारे नव्हते. त्यांनी होडीवाल्या वाटाड्यांची मदत घेतली. मुक्कामाच्या जागी संध्याकाळी एका उथळ डब्यात थोडे अल्कोहोल ओतायचे, शेजारी दिवा लावायचा, तासाभराने पडलेले किडे बाटलीत भरून तारीख आणि जागा लिहायची. २०१२ ते २०१४ या काळात अशा अडीच हजारांहून अधिक बाटल्या जमल्या.

त्या मोजल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. चिलटांची संख्या नदीच्या लांबीवर लाटेसारखी कमी-जास्त होत होती. धरणातून सुटलेली भरती खाली पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे संध्याकाळी काही ठिकाणी पाणी चढलेले असते, तर काही ठिकाणी उतरलेले. पुष्कळ कीटक संध्याकाळी पाण्याच्या कडेला, ओल्या दगडांवर अंडी चिकटवतात. पाणी चढलेले असताना घातलेली अंडी पाणी उतरल्यावर उघडी पडतात आणि सुकून मरतात. पाणी उतरलेले असताना घातलेली अंडी पाण्याखालीच राहतात आणि जगतात. जिथे संध्याकाळी पाणी कमी, तिथे चिलटे जास्त. मेफ्लायसारखे कीटक अंड्यांसाठी काठावरच अधिक अवलंबून असतात, म्हणून त्यांचे नावच उरले नव्हते. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

उपाय सुचला तोही साधा होता. शनिवार-रविवारी विजेची मागणी कमी असते. मग त्या दोन दिवसांत पाणी खाली आणि स्थिर ठेवायचे. त्या वेळी घातलेली अंडी आठवडाभर पाण्याखाली राहतील. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत मे ते ऑगस्ट या महिन्यांत असे केले गेले. पहिल्याच वर्षी दिव्याकडे येणाऱ्या कॅडिसफ्लायची संख्या लक्षणीय वाढलेली दिसली. किड्यांना आठवड्याची सुट्टी मिळाली म्हणायची.

पुराचे पाच गुण

दरम्यान जगभर नद्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. अॅमेझॉनच्या पूरमैदानांचा अनुभव असलेल्या वोल्फगँग युंक यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये असा विचार मांडला की मोठ्या नद्यांत पुराची वार्षिक स्पंदनेच जीवसृष्टीचा मुख्य आधार असतात. १९९७ मध्ये लीरॉय पॉफ आणि सात सहलेखकांनी प्रवाहाचे पाच गुण सांगितले: पाणी किती, किती वेळा, किती काळ, कोणत्या ऋतूत, आणि किती वेगाने चढते-उतरते.

या पाच गुणांची कसोटी वरच्या हकिकतीला लावून पाहा. १९९६ चा पूर 'किती' या बाबतीत निम्मा होता. २००८ च्या पुराचा 'ऋतू' ट्राउटच्या सोयीचा ठरला. किड्यांची अंडी 'चढ-उताराच्या वेगाने' मारली. एक गुण जुळवला तर दुसरा निसटतो. आणि दोन गोष्टी, गाळ आणि तापमान, या पाचांच्या बाहेरच राहतात.

त्यातले तापमान तर अनपेक्षित वाटेने बदलले. २००० नंतर दीर्घ दुष्काळाने जलाशय उतरला. वरचा उबदार थर वीजघराच्या तोंडाजवळ आला आणि खालची नदी कोमट झाली. २००१ च्या सुमारास पाच हजारांवर आलेली प्रौढ चबची संख्या पुढच्या वर्षांत वाढली. २०२१ मध्ये त्याचा दर्जा एक पायरी सुधारून 'धोक्यात' वरून 'धोक्याच्या छायेत' असा करण्यात आला. रेझरबॅक सकर हा नाहीसा झालेला समजला जाणारा मासाही २०१२ मध्ये दरीच्या पश्चिम भागात पुन्हा सापडला. पण २०२२ मध्ये जलाशय आणखी खाली गेला, तेव्हा धरणाच्या लगेच खाली स्मॉलमाउथ बास या परक्या, खादाड माशाची पिले आढळली. कोमट पाणी त्यालाही मानवते. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात खोल थरातले गार पाणी मिसळून नदी पुन्हा थंड करण्यात आली. ज्या गारव्याला साठ वर्षे दोष दिला, त्याचीच मदत घ्यावी लागली!

आपल्या ओढ्यावर

आपला पूर बर्फाचा नसतो, मृगाचा असतो. तरी माशांना त्याची सूचना तितकीच कळते. कोकणात पहिल्या जोरदार पावसात मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत अंडी घालायला चढतात. कुठे याला वलगण म्हणतात, कुठे चढणीचे मासे. रोहू, कटला यांसारखे मासेही पावसाळी पुराचे पाणी पसरले की प्रजनन करतात. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात या गटातल्या माशांचे प्रजनन घडवले, तेव्हा पुराने एरवी दिलेली सूचना त्यांनी सुईने दिली, असे म्हणता येईल. त्याने मत्स्यशेतीचे मोठे काम झाले. पण नदीतल्या प्रत्येक माशाला सुई कोण टोचणार?

धरणे नकोत असे आम्ही म्हणत नाही. आमच्याही घरात त्यांचेच पाणी आणि त्यांचीच वीज येते. धरणाच्या हिशोबात पाणी, वीज आणि सिंचन यांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असावा, एवढेच कोलोराडोची हकिकत सांगते. आणि तो रकाना नंतर भरायला गेले तर फार महाग पडतो, हेही सांगते.

शाळेजवळ ओढा असेल तर विद्यार्थ्यांबरोबर एक काम करून पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यापूर्वी पाणी असेल तेव्हा, आणि पूर ओसरून पाणी नितळल्यावर, त्याच जागचे दहा गोटे उचलून पांढऱ्या थाळीत धुवावेत. किती प्रकारचे किडे निघाले ते मोजावे, चित्रे काढावीत, आणि किडे पुन्हा पाण्यात सोडावेत. ओढ्याला पूर असताना मात्र कोणालाही जवळ जाऊ देऊ नये. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पुराचे पाच गुण वहीत लिहावेत: पाणी कुठवर येई, वर्षातून किती वेळा, किती दिवस राही, कोणत्या नक्षत्रात, आणि किती झपाट्याने उतरे. शेवटी एक सहावा प्रश्न विचारावा. पूर्वी मिळणारे आणि आता न मिळणारे मासे कोणते? त्या माशांची स्थानिक नावे जशी सांगितली तशी लिहून ठेवावीत. सफरचंदाच्या झाडावरचे मांजर कोणीतरी लक्षात ठेवले म्हणूनच १८८४ चा पूर आज मोजता आला.